घर घेणे आणि घर नांदवणे

मराठी मध्यमवर्गाच्या आकांक्षांमध्ये गेल्या काही वर्षांत एका घराची भर पडली आहे. हे घर त्याच्या राहत्या घराहून वेगळे असते. ते कोकणात असते, शक्यतो समुद्राजवळ असते, त्याला जांभ्या चिऱ्याचा चेहरा आणि कौलारू छपराचा आभास दिलेला असतो, आणि वर्षातले दहावीस दिवस वगळता ते कुलूपबंद असते. पुण्यामुंबईत या घराविषयी जे बोलले जाते तेच आता बंगळुरातही बोलले जाते. चामराजपेटेतल्या आमच्या मराठी कुटुंबांत लग्नमुंज असो की कोजागरीचा कार्यक्रम, पूर्वी माणसे एकमेकांना मुलांच्या शिक्षणाविषयी आणि गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांविषयी विचारीत. आता विचारतात, "कोकणात काही घेतलेत की नाही?" या प्रश्नातील 'काही' हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. काय घेतले, कोणाकडून घेतले, तिथे कोण राहत होते, हे विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही. समुद्र दिसतो की नाही, एवढे मात्र आवर्जून विचारले जाते.

या प्रश्नाशी माझे भांडण आहे. पण ते घर घेणाऱ्यांशी जितके आहे त्याहून अधिक ते माझ्या स्वतःच्या व्यवसायाशी, म्हणजे मराठी समीक्षेशी आहे. हे भांडण मांडण्याचे कारण माझ्याच दारी चालत आले, तेव्हा ते आधी सांगितले पाहिजे.

एका बांधकाम व्यावसायिकाचे माहितीपत्रक काही महिन्यांपूर्वी माझ्या घरी आले. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या बंगल्यांची ती जाहिरात होती. गुळगुळीत कागद, माडांच्या रांगा, संध्याकाळचे आकाश, आणि एकाही चित्रात माणूस नाही. दुसऱ्या पानावर एक वाक्य ठळक अक्षरांत छापले होते आणि त्याखाली 'एक ज्येष्ठ समीक्षक' असे लिहिले होते. वाक्य ओळखीचे वाटले म्हणून जुनी कात्रणे काढली, तर ते माझेच निघाले. १९९१ साली कोकणातील प्रादेशिक कादंबरीवर लिहिलेल्या एका लेखात मी म्हटले होते की या कादंबऱ्यांमध्ये निसर्ग ही पार्श्वभूमी राहत नाही, तो स्वतःच एक पात्र होतो. त्या काळी हे वाक्य पुष्कळांना आवडले होते. ते परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत लिहिले गेले, मार्गदर्शक पुस्तकांत उतरले, आणि आता ते जमिनीच्या विक्रीस उपयोगी पडत होते.

पहिल्या क्षणी मला राग आला, तो परवानगी न घेतल्याचा. तो फार टिकला नाही. नंतर जे उरले ते अधिक त्रासदायक होते. माझे वाक्य त्या पानावर विपर्यस्त होऊन आले नव्हते. ते तिथे अगदी चपखल बसले होते. जे वाक्य एका कादंबरीविषयी आणि एका विक्रीयोग्य भूखंडाविषयी सारख्याच सोयीने वापरता येते, त्या वाक्यात मुळातच काही खोट असली पाहिजे. ती खोट कोणती, याचा शोध घेणे हा या लेखाचा पहिला हेतू आहे.

निसर्ग पात्र होतो असे म्हणताना आम्ही समीक्षकांनी नेमके काय केले? आम्ही कादंबरीतला पाऊस, समुद्र, माड आणि पाणंद यांना मनोवृत्ती बहाल केल्या, आणि त्याच पानांवर राबणाऱ्या माणसांना त्या निसर्गाचे अंग ठरवले. कुळवाडी, गाबीत, भंडारी, घाडी, ही सगळी माणसे आमच्या लेखांत 'कोकणच्या मातीचा गंध' झाली. गंधाला सातबारा नसतो, गंधाला कर्ज नसते, गंधाला भाऊबंदकीचे दावे लढवावे लागत नाहीत. माणसाला ते सारे असते.

वस्तुतः ज्या कादंबऱ्यांविषयी आम्ही हे लिहीत होतो, त्या कादंबऱ्या असे मुळीच सांगत नव्हत्या. श्री. ना. पेंडसे यांचा 'गारंबीचा बापू' १९५२ साली आला. त्यात सुपारीच्या बागा आहेत, हे खरे. पण कादंबरी आहे ती खोताच्या सत्तेविषयी, गावाच्या जिभेविषयी आणि या दोहोंना न जुमानणाऱ्या एका गरिबाघरच्या मुलाविषयी. 'रथचक्र' ही त्यांची कादंबरी १९६२ सालची, आणि तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. तिची नायिका मुलांच्या शिक्षणासाठी कोकणातले घर सोडते. म्हणजे कोकणाविषयीची आपली एक श्रेष्ठ कादंबरी घर सोडण्याविषयीची आहे. गो. नी. दांडेकर यांची 'पडघवली' १९५५ साली आली. एका गृहिणीच्या तोंडून सांगितलेली ती एका गावाच्या ऱ्हासाची हकीकत आहे. घरे रिकामी होत जातात आणि गाव जगण्याचे बळ गमावत जाते, हे तिचे सूत्र आहे. जगबुडीच्या काठावर घडणारी 'तुंबाडचे खोत' १९८७ साली आली, तेव्हा एका खोत घराण्याच्या पिढ्यांचा उदय आणि अस्त पेंडशांनी तपशिलाने लिहून ठेवला. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'तला समुद्र कोणाला खिडकीतून पाहावासा वाटेल, अशी शंकादेखील येत नाही. जयवंत दळवी यांच्या 'सारे प्रवासी घडीचे' या पुस्तकात हसू पुष्कळ आहे. पण ते हसू दारिद्र्याशी आणि मरणाशी घसट असलेल्या माणसांचे आहे.

या साऱ्या लेखकांच्या लेखनात निसर्ग सुंदर आहे, हे मी नाकारीत नाही. मात्र तो कष्टाच्या, भीतीच्या आणि उपजीविकेच्या वाटेने येतो. पाऊस येतो तो शाकारणी झाली की नाही या चिंतेबरोबर येतो. आम्ही त्या निसर्गाला त्याच्या वाटेपासून तोडले. पाठ्यपुस्तकांसाठी उतारे निवडताना वर्णनाचे परिच्छेद निवडले आणि दाव्यांची, भुकेची, जातीच्या उतरंडीची पाने मागे ठेवली. दोन पिढ्यांनी कोकण शाळेच्या पुस्तकात वाचले, ते असे साफसूफ केलेले कोकण होते. त्या पिढ्यांच्या हाती पुढे पैसा आला, तेव्हा वर्गात वाचलेले चित्र त्यांनी विकत मागितले. यात त्यांचा दोष आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. माणसांवाचून कोकण पाहण्याची सवय माहितीपत्रकापूर्वी आम्ही लावली होती.

आता प्रत्यक्ष जमिनीकडे वळू. कारण कोकणातली जमीन ही कधीच निव्वळ देखावा नव्हती. ती कसणाऱ्याच्या मालकीची व्हावी म्हणून जेवढा झगडा कोकणाने केला तेवढा फार थोड्या प्रदेशांनी केला असेल. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. खोताला हिस्सा द्यावा लागू नये म्हणून त्यांनी शेते पेरलीच नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ हे कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले.

ज्या अलिबाग तालुक्याने सहा वर्षे शेते पडीक ठेवून जमिनीचा हक्क मागितला, तोच तालुका आज मुंबईच्या सुट्टीतल्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट बोटीने जाता येते. या दोन घटनांमध्ये एका आयुष्याचे अंतर आहे. ज्याच्या आजोबांनी खोताला नकार दिला, तो नातू आज कोणाच्या तरी बंगल्याची राखण करतो, ही गोष्ट तिथे नवलाची राहिलेली नाही. मला कोणी अतिशयोक्तीचा दोष देईल, पण गावात न राहता गावच्या जमिनीवर सत्ता गाजवणारा तो खोत, अशी व्याख्या केली तर नवा मालक तिच्या बाहेर राहत नाही. फरक एवढाच की खोताला गावाच्या पिकाशी गरज तरी होती. नव्या मालकाला गावापासून काहीच नको असते. त्याला फक्त गावाने मधे येऊ नये असे वाटते.

जनगणनेचे आकडे येथे बोलके आहेत. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गात ती ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची घटली. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. पुरुष रोजगारासाठी बाहेर जातो आणि घर बाईच्या खांद्यावर राहते, ही जुनी कथा त्या आकड्यांतून वाचता येते. याच काळात सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून मिरवत होता आणि १९९८ पासून कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरापर्यंत धावत होती. रस्ता आला, रेल्वे आली, पर्यटन आले, आणि राहणारी माणसे कमी झाली. घरे बांधली जात आहेत आणि माणसे जात आहेत, या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, हे आपल्या विकासाच्या भाषेला अजून उमगलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की रिकाम्या होत चाललेल्या गावात कोणी पैसा आणून घर बांधले तर बिघडले काय? बिघडते ते असे. कोकणातले घर एकटे उभे नसते. त्याची पाणंद दुसऱ्याच्या गडग्यावरून जाते, त्याची विहीर तीन घरांची असते, त्याच्या खळ्यात गावचा रोंबाट येतो, त्याच्या मालकाचा देवळात काही मान असतो आणि त्या मानाबरोबर काही काम असते. अशा दहा घरांमधले एक घर भिंत बांधून वेगळे झाले की पाणंद वळते, दुसरे झाले की विहिरीचे भांडण होते, आणि पाचवे झाले की शिमग्याची पालखी कुठून न्यायची हा प्रश्न पडतो. कोकणात पाऊस धोधो पडतो, पण जांभा तो धरून ठेवीत नाही, म्हणून कित्येक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढ असते. नेमक्या त्याच महिन्यांत सुट्टीतली घरे भरतात आणि त्यांचे तलावही भरतात.

शिवाय संकट येते तेव्हा राहणारा आणि पाहणारा यांतला फरक उघड होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीला झोडपले. पोफळ पुन्हा लावून तिचे उत्पन्न हाती यायला वर्षे जातात. ज्याचे त्या बागेवर पोट होते त्याला ती वर्षे तिथेच काढावी लागली. ज्याचे तिथे फक्त दृश्य होते, त्याला विमा कंपनीला पत्र लिहून भागले. दोघेही कागदोपत्री त्या गावचे घरमालक आहेत. आपली भाषा मात्र दोघांना एकच शब्द लावील काय?

मला वाटते, लावणार नाही. आणि इथे मराठी भाषा आपल्या समीक्षेहून शहाणी ठरते. मराठीत घर 'घेतात', घर 'बांधतात', घर 'करतात', आणि घर 'नांदते'. घेणे हा व्यवहार आहे. तो एका दिवसात नोंदणी कार्यालयात उरकतो. बांधणे हे काम आहे. त्याला वर्ष-दोन वर्षे लागतात. घर करणे म्हणजे एखाद्या ठिकाणी मुळे धरणे. म्हणूनच एखादी गोष्ट 'मनात घर करते' असे आपण म्हणतो. नांदणे या क्रियापदाला मात्र एकटा माणूस पुरत नाही. त्यात सासरमाहेर आहे, शेजार आहे, भांडण आहे आणि भांडणानंतर पुन्हा पाणी भरायला एकाच विहिरीवर जाणे आहे. जुनी माणसे आशीर्वाद देताना 'घर नांदते राहो' म्हणत. 'घराच्या किमती चढत्या राहोत' असा आशीर्वाद कोणी दिल्याचे मी तरी ऐकलेले नाही. माहितीपत्रकात 'घेणे' पानोपानी होते. 'नांदणे' एकदाही नव्हते.

येथे माझ्याविरुद्ध एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याचे आजोबा वेंगुर्ले तालुक्यातून निघून बंगळुरात स्थायिक झाले, त्याने कोकणात येणाऱ्या परक्यांविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलावे? प्रश्न रास्त आहे. १८९२ साली आखली गेलेली आमची पेट चामराजेंद्र वाडियार यांचे नाव धारण करते. शहाजीराजांच्या काळापासून या नगरात मराठी बोलली जात आली असली, तरी हे नगर कन्नड आहे आणि आम्ही इथे आलेले लोक आहोत. भारताची राज्यघटना प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही वास्तव्य करण्याचा हक्क देते, आणि त्या हक्कावाचून माझे कुटुंब इथे उभेच राहिले नसते. तेव्हा 'परके' आणि 'आपले' अशी माझी विभागणी नाही. ती मला घातक वाटते, आणि मराठी माणसाने तिचे राजकारण पुष्कळ पाहिले आहे.

माझी विभागणी राहण्याची आणि न राहण्याची आहे. माझे आजोबा चिकपेटेतल्या एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत आणि चामराजपेटेतल्या एका वठारात भाड्याने राहत. एकाच अंगणाभोवती सात बिऱ्हाडे होती. नळ एक होता. आजीला वर्षाच्या आत कन्नड आले, कारण न येऊन चालणार नव्हते. मुले कन्नड शाळेत गेली. कन्नड साहित्य परिषदेची इमारत आमच्या पायवाटेवर होती, म्हणून मी शिवराम कारंत वाचले. त्यांच्या 'मरळि मण्णिगे' या कादंबरीत किनाऱ्यावरच्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्या आहेत, आणि तिथल्या बायकांचे राबणे वाचल्यावर समुद्रकिनाऱ्याला 'रम्य' म्हणताना जीभ अडखळते. आम्ही या शहराकडून घेतले आणि आमच्यापरीने दिलेही. आम्ही आलो ते त्यात मिसळायला, त्याच्या भाषेची, पाणीटंचाईची, दंगलींची आणि सणांची झळ आपली मानायला. पुण्याहून वा बंगळुराहून कोणी कोकणात जाऊन असे राहणार असेल, मुलाला गावच्या शाळेत घालणार असेल, पावसाळाही तिथेच काढणार असेल, तर त्याचे स्वागत गावाने करावे आणि बहुधा गाव ते करीलही. अशी काही माणसे मला ठाऊक आहेत. त्यांना हा लेख लागू नाही.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. बंगला बांधताना गवंड्याला काम मिळते, नंतर राखणदाराला आणि माळ्याला पगार मिळतो, हे खरे. परंतु जमिनीचा मालक असणे आणि त्याच जमिनीवर राखणदार असणे यांना एकच भाव लावता येत नाही. शिवाय जमिनीचे दर शहराच्या पगारावर ठरू लागले की गावातल्याच तरुण जोडप्याला गावात घर बांधणे अशक्य होते. ते विरारला किंवा पनवेलला जाते. मग आपण त्याच्या गावी सुट्टीत जाऊन म्हणतो, इथे किती शांत आहे!

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे: जमीन विकणारे गावकरीच असतात, त्यांना कोणी जबरदस्ती करीत नाही. या आक्षेपाला मी ग्रंथातून उत्तर देऊ शकत नाही, कारण तो माझ्याच घरातून आला.

वेंगुर्ले तालुक्यातले आमचे मूळ घर अजून उभे आहे. सातबाऱ्यावर एकोणीस नावे आहेत आणि त्यांत माझे एक आहे. त्यांपैकी तिथे राहते ती एकच व्यक्ती, माझ्या थोरल्या चुलतभावाची पत्नी. तिने सत्तरी ओलांडली आहे. गेल्या वर्षी एक खरेदीदार आला. समुद्र दिसतो म्हणून त्याने दिलेला आकडा आमच्यापैकी कोणी कधी ऐकलेला नव्हता. अठरा जण तयार होते. मी दूरध्वनीवर वहिनीला सांगितले की हे घर जाऊ देऊ नये. पडघवलीपासून पेंडशांपर्यंत सारे माझ्या डोक्यात होते. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "भावोजीनु, घर ऱ्हवाक व्हया असा तुमका वाटता, ता बरा. पण पावसाच्या आधी कौलां परतूक कोण चढतलो?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्या घरात सलग पंधरा दिवस कधी राहिलेलो नाही. माझ्या मनातले घर आणि माहितीपत्रकातले घर यांत मी समजत होतो तेवढे अंतर नव्हते; दोन्ही घरे दुरून पाहिलेली होती. खरेदीदार निदान पैसे देत होता. मी तिच्याकडून फुकट राखण मागत होतो, आणि तीही साहित्याच्या नावाने. स्थलांतरिताची गावाविषयीची हुरहूर, जिच्यावर आपले निम्मे ललित वाङ्मय पोसले आहे, ती अनेकदा दुसऱ्याच्या श्रमावर जगते, हे मला साठी उलटल्यावर एका म्हाताऱ्या बाईने शिकवले.

तेव्हा विकणाऱ्याला दोष देता येणार नाही. प्रश्न विकावे लागण्याच्या परिस्थितीचा आहे आणि ती परिस्थिती एकट्यादुकट्याच्या नैतिकतेने बदलत नाही. जगात इतरत्र हे ओळखले गेले आहे. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी ११ मार्च २०१२ रोजी कौल दिला की कोणत्याही ग्रामपरिषदेच्या हद्दीत दुय्यम घरांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक नसावे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील सेंट आइव्ह्‌ज गावाने २०१६ साली सार्वमत घेऊन नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांसाठी राखली. वेल्समध्ये, जिथे गावे रिकामी झाली तर वेल्श भाषाच संपेल अशी धास्ती आहे, स्थानिक संस्थांना एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. हे उपाय निर्दोष नाहीत. सेंट आइव्ह्‌जचा नियम नव्या बांधकामापुरता असल्याने ग्राहक जुन्या घरांकडे वळला. पण तिथे निदान प्रश्न विचारला गेला की घरात कोणी राहते की नाही.

आपले कायदे हा प्रश्न विचारीत नाहीत. १९९१ पासूनचे किनारा नियमन भरतीरेषेपासून अंतर मोजते. ते आवश्यकच आहे, पण त्याने वाळूचे रक्षण होईल, वाडीचे नव्हे. महाराष्ट्राच्या कूळकायद्याचे ६३ वे कलम बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मज्जाव करते, परंतु जमीन एकदा बिगरशेती झाली की त्या मज्जावाचा अर्थ उरत नाही. कर्नाटकाने तर १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यातील तशी कलमे २०२० साली काढूनच टाकली. गोव्यात मात्र लोक रस्त्यावर आले, तेव्हा २०११ चा म्हणून तयार झालेला प्रादेशिक आराखडा सरकारला २००७ साली मागे घ्यावा लागला. कोकणातील ग्रामसभांना बंद घरांवर वेगळा कर लावण्याचा आणि पाणंदी व विहिरी सार्वजनिक म्हणून नोंदवून घेण्याचा अधिकार मिळावा, त्या करातून गावात राहणाऱ्यांची घरे शाकारली जावीत, ही मागणी साहित्यिकांनी करू नये असे कोठे लिहिले आहे? वर्णनाचा मोबदला म्हणून एवढे तरी आपण कोकणाला देणे लागतो.

आणि आपल्या क्षेत्रापुरते बोलायचे तर काम स्पष्ट आहे. विद्यार्थ्यांनी या कादंबऱ्या पुन्हा वाचाव्यात, आणि वाचताना प्रत्येक रम्य परिच्छेदाला तीन प्रश्न विचारावेत: ही जमीन कोणाची, हे पाणी कोणी भरले, आणि हे पाहणारा इथे राहतो काय? 'निसर्ग हे एक पात्र आहे' हे वाक्य उत्तरपत्रिकेतून काढून टाकावे. ते वाक्य ज्याने लिहिले तोच हे सांगत आहे.

राहता राहिली माझी सही. मी माझ्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र वहिनीच्या नावे करून दिले. घर राखावे की विकावे, याचा निर्णय जी तिथे राहते तिने करावा. एकोणिसाव्या नावाने त्यात साहित्य आणू नये. तिने अजून काही ठरवलेले नाही. या मे महिन्यात कौले परतायला माणूस मिळाला. त्याची मजुरी मी पाठवली, आणि पहिल्यांदाच तिला विचारले की किती कौले फुटली होती. तिने आकडा सांगितला, आणि मग माजघरावरची गळती, परसातला पडलेला माड, विहिरीची सुटलेली दरड, असे बरेच काही सांगत राहिली. कोकणाविषयी इतके मी एका वेळी कधी ऐकले नव्हते, आणि त्यात समुद्राचा उल्लेख नव्हता.